छप्पर, भिंत आणि वीज : इमारतींच्या ऊर्जाविचारातील क्रम

इमारतींसाठी लागणाऱ्या ऊर्जेचा प्रश्न आपल्याकडे बहुधा विजेच्या उत्पादनापासून मांडला जातो. वीज कोळशाची असावी की सूर्याची, छपरावर सौर पट बसवावेत की दूरच्या माळरानावर, असा वाद सुरू होतो व तेथेच संपतो. या मांडणीत एक मूलभूत प्रश्न सुटून जातो. तो असा की, ती वीज मुळात लागते कशासाठी, आणि जेवढी लागते तेवढी लागणे अपरिहार्य आहे काय? प्रस्तुत लेखाचा हेतू या सुटलेल्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचा आहे. इमारतीत शिरणारी उष्णता रोखणे, उरलेल्या गरजेसाठी कार्यक्षम साधने वापरणे आणि शेवटी राहिलेली मागणी स्वच्छ स्रोतांतून भागविणे, असा तीन पायऱ्यांचा एक क्रम आहे. हा क्रम केवळ सोयीचा नव्हे. तो उलटा केल्यास खर्च वाढतो, फल घटते, आणि काही चुका तर पुढील अर्धशतक दुरुस्त करता येत नाहीत, हे येथे दाखवावयाचे आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील व त्यासारख्या उष्ण प्रदेशातील शहरांपुरते मर्यादित ठेवले आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य मुंबईच्या उदाहरणावरून कळून येईल. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला व २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या आराखड्यानुसार २०१९ साली शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २ कोटी ३४ लक्ष टनांच्या घरात होते आणि त्याचा सुमारे ७२ टक्के भाग वाहनांचा किंवा कचऱ्याचा नसून घरे, कार्यालये, दुकाने व कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा होता. म्हणजे या महानगराच्या उत्सर्जनाचे मुख्य स्थान रस्ता नव्हे, तर वास्तू होय. इतिहासाचा थोडा विरोधाभास असा की, मुंबईच्या गिरण्यांना मोठ्या प्रमाणावर मिळालेली पहिली वीज ही सह्याद्रीच्या पाण्याची, म्हणजे आजच्या भाषेत स्वच्छ वीज होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. त्यापाठोपाठ भिवपुरी व भिरा ही केंद्रे उभी राहिली. पुढे मागणी इतकी वाढली की पाणी अपुरे पडले व १९५६ पासून तुर्भ्याच्या औष्णिक केंद्राचा आधार घ्यावा लागला. मागणीला मर्यादा नसेल तर स्वच्छ स्रोतही तोकडा पडतो, हा धडा या शहराला पूर्वीच मिळालेला आहे.

१. उष्णता घरात येते कशी

उष्ण प्रदेशातील इमारतीचा ऊर्जाविचार म्हणजे प्रथमतः उष्णतेच्या वाटांचा विचार होय. बाहेरची उष्णता तीन मार्गांनी आत येते : छप्पर व भिंती यांतून वहनाने, खिडकीच्या काचेतून थेट सूर्यप्रकाशाने, आणि फटी व उघड्या दारांतून येणाऱ्या तप्त हवेबरोबर. यांपैकी पहिल्या मार्गाचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागातून, आतबाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असता, दर सेकंदाला जेवढी उष्णता पार होते तिला त्या भिंतीची किंवा छपराची उष्णता-पारगम्यता म्हणता येईल. तिला क्षेत्रफळाने व तापमानाच्या फरकाने गुणले की येणारी एकूण उष्णता मिळते.

बांधकामाच्या प्रकारांत ही पारगम्यता किती भिन्न असते ते पाहण्याजोगे आहे. दोन्ही बाजूंना गिलावा केलेल्या २३ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीची पारगम्यता चौरस मीटरला व अंशाला सुमारे २ वॉट असते. हवेची छिद्रे असलेल्या हलक्या ठोकळ्यांची, म्हणजे बाजारात ज्यांना एएसी ब्लॉक म्हणतात त्यांची, २० सेंटिमीटर जाडीची भिंत घेतल्यास तोच आकडा सुमारे ०.८ वॉटपर्यंत उतरतो. उलट १५ सेंटिमीटर जाडीच्या सलग काँक्रीटच्या भिंतीत तो ३.७ वॉटच्या आसपास चढतो. अल्प खर्चाच्या उंच इमारती झपाट्याने उभारण्यासाठी आज ज्या पद्धतीचा मोठा वापर होतो, त्या ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती नेमक्या याच प्रकारच्या असतात. ज्या कुटुंबांना वातानुकूलन यंत्र घेणे व चालविणे परवडण्यासारखे नसते, त्यांच्याच वाट्याला सर्वांत उष्णतापारगम्य भिंती याव्यात, ही बाब केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही.

आता छपराचे एक उदाहरण करून पाहू. एका इमारतीचे छप्पर १०० चौरस मीटरचे असून ते १५ सेंटिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीटचे आहे, असे धरू. त्याची पारगम्यता सुमारे ३.३ वॉट भरते. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेरची हवा ३८ अंशांची असली, तरी ऊन शोषून घेणाऱ्या काळसर छपराच्या बाबतीत परिणामी तापमान त्याहून पुष्कळ अधिक, साधारण ६० अंश मानावे लागते. हवेचे तापमान व शोषलेले ऊन या दोहोंचा परिणाम एकत्र दाखविणाऱ्या या संख्येस सूर्य-वायू तापमान असे म्हणू. खोलीचे तापमान ३० अंश ठेवावयाचे असेल तर फरक ३० अंशांचा होतो व छपरातून ९,९०० वॉट उष्णता आत येते. वातानुकूलनाच्या व्यवहारात ज्याला एक टन म्हणतात ते माप ३,५०० वॉटच्या आसपास असते. म्हणजे केवळ छपरातून येणारी उष्णता बाहेर काढण्यासाठी जवळजवळ २.८ टनांचे यंत्र लागेल.

याच छपराला ऊन परतवणारा पांढरा लेप दिल्यास सूर्य-वायू तापमान ४५ अंशांच्या आसपास येते. फरक निम्मा होतो व उष्णताही निम्मी, म्हणजे ४,९५० वॉट. लेपाऐवजी उष्णतारोधक थर घालून पारगम्यता १.२ वॉटवर आणल्यास, आणि त्यासाठी उत्तम रोधक द्रव्याचा दोनएक सेंटिमीटरचा थरही पुरतो, उष्णता ३,६०० वॉट होते. दोन्ही उपाय एकत्र केल्यास ती १,८०० वॉटवर येते. २.८ टनांचे काम अर्ध्या टनावर आले. हे गणित स्थिर अवस्थेचे आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रत्यक्षात काँक्रीट उष्णता साठवून ठेवते व ती चार-पाच तासांनी आत सोडते. त्यामुळे दुपारचे शिखर काहीसे बोथट होते. तथापि ही सवलत फसवी आहे. दुपारी साठलेली उष्णता रात्री, म्हणजे माणसे दिवसभराच्या श्रमानंतर निजावयास येतात त्या वेळी, खोलीत उतरते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना या घटनेसाठी कोणत्याही सूत्राची आवश्यकता भासत नाही.

खिडक्यांचा विचार निराळा करावा लागतो. साध्या एकपदरी काचेवर पडणाऱ्या सौर उष्णतेपैकी सुमारे आठ-दशांश भाग आत येतो. पश्चिमेकडील तीन चौरस मीटरच्या उघड्या काचेवर सायंकाळी चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडत असेल, तर तेवढ्या एका खिडकीतून १,४०० वॉटहून अधिक उष्णता खोलीत शिरते. एखादी शेगडी पेटवून ठेवावी तशी. पडद्याने ती अडत नाही, कारण पडदा काचेच्या आत असतो व तापलेला पडदा खोलीतच उष्णता सोडतो. छज्जा, बाहेरची झडप किंवा जाळी हे उपाय उष्णतेला काचेपूर्वीच अडवितात. म्हणूनच ते अधिक परिणामकारक ठरतात.

हवामानानुसार या उपायांचा प्राधान्यक्रम बदलतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत. त्यांत मुंबई उष्ण-दमट, सोलापूर उष्ण-कोरड्या आणि नागपूर संमिश्र विभागात मोडते. सोलापुरास मे महिन्यात दिवस व रात्र यांच्या तापमानात सुमारे १५ अंशांचे अंतर असते. तेथे जाड भिंती दिवसाची उष्णता थोपवून धरतात व रात्रीची थंड हवा त्यांना पुन्हा निववते. त्या भागातील मातीच्या जाड माळवदाचे मर्म यातच आहे. मुंबईत हे अंतर त्याच्या निम्म्याच्या जवळ असते. तेथे साठवणीचा लाभ थोडा, सावली व वारा यांचे महत्त्व मोठे. कोकणातील उतरती कौले, पडवी व समोरासमोरची दारे ही या गरजेची उत्तरे होत. जुनी घरे सर्वच बाबतींत श्रेष्ठ होती असा याचा अर्थ नव्हे. दहा-वीस मजल्यांच्या वस्तीला ती रचना जशीच्या तशी लागू पडत नाही. परंतु त्यामागील भौतिक तत्त्व आजही तेच आहे, आणि ते विसरून एकाच नकाशाच्या इमारती मुंबई, सोलापूर व नागपूर येथे उभारणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

२. सुखावह तापमान आणि साधनांची कार्यक्षमता

उष्णता रोखल्यावर उरलेल्या गरजेचा विचार करावयाचा. येथे प्रथम असे विचारले पाहिजे की, सुखावह तापमान म्हणजे नेमके किती? कार्यालयांत २२ अंशांचा आग्रह धरण्याची रूढी थंड देशांतील मानकांवरून आली. भारतीय इमारतींतील पाहणीवर आधारलेले जे अनुकूलनाधिष्ठित प्रतिमान गेल्या दशकात तयार झाले व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ज्याला स्थान मिळाले, त्यानुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीतील सुखावह तापमान हे बाहेरील तापमानाच्या तीस दिवसांच्या चल सरासरीला ०.५४ ने गुणून त्यात १२.८३ मिळविल्यास येते. बाहेरील सरासरी ३० अंश असेल तर हे उत्तर २९ अंश येते. म्हणजे वाऱ्याची व पंख्याची सोय असलेल्या खोलीत २९ अंशांच्या आसपास बहुसंख्य माणसांना बरे वाटते. यंत्राने हवा त्याहून सात अंश खाली उतरविण्यात जी वीज खर्ची पडते, तिचा बराच भाग सुखासाठी नव्हे, सवयीसाठी जातो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अनुमानानुसार नियोजित तापमान एक अंशाने वाढविल्यास वातानुकूलनाची सुमारे सहा टक्के वीज वाचते; खोलीसाठीच्या यंत्रांचे प्रारंभिक तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम १ जानेवारी २०२० पासून अमलात आला, त्यामागील तर्क हाच होता.

पंख्याच्या बाबतीत बचतीचे प्रमाण आणखी मोठे आहे, कारण पंखा घरोघरी आहे. नेहमीचा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो. ब्रशविरहित मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटमध्ये देतो. दिवसाला बारा तास व वर्षाला ३०० दिवस धरल्यास पहिला २७० युनिट, तर दुसरा १०८ युनिट वीज खातो. एका घरातील तीन पंखे बदलल्यास वर्षाकाठी सुमारे ४८० युनिट वाचतात. औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेच्या साधारण एक-तृतीयांश भागाचीच वीज होते व तिच्यातही वहनात घट येते. म्हणून घरात वाचलेल्या एका युनिटामागे केंद्रापाशी तीन युनिटांहून अधिक उष्णतेचा कोळसा वाचतो आणि सुमारे ०.७ किलो कर्बवायूचे उत्सर्जन टळते.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे क्रमाकडे, वळू. वरील १०० चौरस मीटरच्या छपराखाली एका युनिट विजेमागे ३.५ युनिट उष्णता बाहेर टाकणारे यंत्र बसविले, तर छपराच्या उष्णतेपोटी २.८ किलोवॉट वीज लागेल. ते बदलून पाच युनिट उष्णता बाहेर टाकणारे उत्तम यंत्र घेतल्यास हा आकडा सुमारे २ किलोवॉट होतो. यंत्र न बदलता प्रथम छप्परच सुधारले तर तो ०.५ किलोवॉटवर येतो. दोन्ही केल्यास ०.३६ वर. म्हणजे छपराने केलेली बचत यंत्राने केलेल्या बचतीच्या जवळजवळ तिप्पट आहे. शिवाय प्रथम यंत्र व नंतर छप्पर असा उलटा क्रम घेतल्यास तीन टनांचे महाग यंत्र घेऊन त्याच्याकडून अर्ध्या टनाचे काम करून घेण्याची पाळी येते. अशी आवश्यकतेहून मोठी यंत्रे वारंवार चालू-बंद होतात व हवेतील दमटपणाही नीट काढीत नाहीत.

दुसरा भेद कालाचा आहे. केंद्र शासनाच्या उजाला योजनेतून २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, आणि मोठ्या खरेदीमुळे त्यांची किंमतही फार उतरली. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु ते शक्य झाले याचे एक कारण असे की दिवा एका मिनिटात बदलता येतो. वातानुकूलन यंत्र दहा वर्षांत बदलते. भिंत मात्र पन्नास-साठ वर्षे उभी राहते. जी वस्तू बदलणे सर्वांत कठीण, तिच्याविषयीचा निर्णय सर्वांत आधी व सर्वांत काळजीपूर्वक घ्यावा, हा व्यवहारातील साधा नियम येथेही लागू पडतो. शीतकरणाच्या भारतीय कृती योजनेत २०१९ साली असे अनुमान मांडले गेले की, २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ मधील शीतकरणाची मागणी सुमारे आठपट होईल. त्या मागणीचे किती ओझे देशावर पडेल, हे आज ओतल्या जाणाऱ्या भिंतींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

३. छपरावरील वीज आणि तिची मर्यादा

येथे असा आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे की, सौर वीज आता स्वस्त झाली आहे, तेव्हा मागणी कमी करण्याचा खटाटोप कशाला? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले व तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. ही योजना उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु शहरातील छपराचे गणित मांडून पाहिले म्हणजे आक्षेपातील उणीव ध्यानी येते.

एका किलोवॉट क्षमतेच्या पटांना साधारण १० चौरस मीटर जागा लागते व आपल्या भागात त्यांपासून वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज मिळते. बारा मजल्यांच्या, दर मजल्यावर चार सदनिका असलेल्या इमारतीचे छप्पर ४०० चौरस मीटरचे आहे असे धरू. पाण्याच्या टाक्या, उद्वाहकाची खोली व सावली वगळता निम्मी जागा उपलब्ध होईल. तेथे २० किलोवॉटचे पट बसतील व वर्षाला २८,००० युनिट वीज मिळेल. ती ४८ सदनिकांत वाटल्यास प्रत्येकीच्या वाट्यास महिन्याला ४९ युनिटही येत नाहीत. दर सदनिकेचा मासिक खप २०० युनिट असेल तर छप्पर केवळ २४ टक्के गरज भागवील. परंतु छप्पर, भिंती, पंखे व यंत्रे सुधारून हा खप १०० युनिटांवर आणला, तर त्याच छपरावरचे तेच पट जवळजवळ निम्मी गरज भागवितात. हीच इमारत दोन मजली असती, तर आठ सदनिकांची संपूर्ण गरज भागून वीज शिल्लक राहिली असती. दाट वस्तीच्या शहरात मागणीची घट ही सौर विजेची पर्यायी वाट नसून तिची पूर्वअट आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवनाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये उद्‌घाटन झालेल्या या शासकीय कार्यालयाची आखणीच अशी करण्यात आली की वर्षाला जेवढी वीज लागेल तेवढी तेथेच निर्माण व्हावी. सावली, मधला मोकळा चौक, नैसर्गिक प्रकाश व कार्यक्षम यंत्रणा यांनी मागणी पुष्कळ खाली आणल्यावरही ९३० किलोवॉटचे सौर पट लागले व त्यांच्यासाठी छप्पर इमारतीच्या कडेबाहेर वाढवावे लागले. मागणी प्रथम घटविली नसती, तर एवढी जागाही पुरी पडली नसती.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. सूर्य दुपारी वीज देतो. घरांची मागणी सायंकाळनंतर चढते. हे अंतर भरून काढण्यासाठी विजेची साठवण लागते. महाराष्ट्रात नगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवावयाचे व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी त्याची रीत आहे. अशी साठवण आवश्यक आहेच. परंतु ती खर्चाची असते व तिच्यात काही ऊर्जा वायाही जाते. उष्णतारोधक इमारत हीदेखील एका अर्थी साठवणच होय. दुपारच्या सौर विजेने आतून थंड केलेली, बाहेरून नीट झाकलेली वास्तू सायंकाळी काही तास थंड राहते व ऐन गर्दीच्या वेळची मागणी पुढे ढकलते. उघड्या काँक्रीटची वास्तू नेमके उलटे करते. दुपारचे ऊन साठवून ती सायंकाळची मागणी वाढविते. विजेचे दर दिवसाच्या वेळेनुसार ठेवण्याची जी तरतूद २०२३ च्या केंद्रीय नियमांनी केली, तिचा लाभ पहिल्या प्रकारच्या इमारतीला मिळतो, दुसरीला भुर्दंड पडतो.

४. शहर ही एक वास्तू

एकेका इमारतीपुरता हिशेब बरोबर असला, तरी शहराचा हिशेब निराळा असू शकतो. वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती खोलीतून काढून, स्वतः वापरलेल्या विजेच्या उष्णतेसह, गल्लीत टाकते. शेजारच्या ज्या घरात यंत्र नाही त्याच्या खिडकीशी हीच उष्णता येऊन ठेपते. डांबर, काँक्रीट व पत्रा यांनी आच्छादलेल्या, झाडे विरळ झालेल्या वस्तीत तिची भर पडून रात्रीही हवा निवत नाही.

याचे परिणाम सुखसोयीपुरते राहत नाहीत. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले. त्या अनुभवातून २०१३ साली त्या शहराने उष्णता कृती योजना आखली आणि पुढे वस्त्यांतील छपरांना ऊन परतवणारा लेप देण्याचा उपक्रमही हाती घेतला. २०२३ साली तेलंगण राज्याने शीतल छपरांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर करून काही प्रकारच्या नव्या इमारतींना ती सक्तीची केली. पांढऱ्या लेपाला मर्यादा आहेत. धुळीने व पावसाळ्यातील शेवाळाने त्याची परावर्तकता घटते, म्हणून तो वेळोवेळी धुवावा व ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो. तथापि पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला इतका स्वस्त व इतका तत्काळ उपाय दुसरा नाही.

मोठ्या व्यापारी वस्तीत शीतकरण एकत्रित करण्याचाही मार्ग आहे. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एका केंद्रात पाणी थंड करून नळांवाटे अनेक इमारतींना पुरविले जाते. सर्व इमारतींची कमाल मागणी एकाच क्षणी येत नसल्याने केंद्राची एकूण क्षमता सुट्या यंत्रांच्या बेरजेपेक्षा कमी पुरते, रात्री थंड पाणी साठवून ठेवता येते व मोठ्या यंत्रांची कार्यक्षमताही अधिक असते. मात्र नळांचे जाळे रस्त्यांच्या आखणीबरोबरच घालावे लागते. वसलेल्या शहरात ते मागाहून घालणे अतिशय खर्चाचे होते. येथेही क्रमाचाच प्रश्न आहे.

५. निर्णय एकाचा, देयक दुसऱ्याचे

छपराचा व भिंतीचा लाभ इतका उघड असता तो सर्वत्र घेतला का जात नाही, असा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो. याचे उत्तर भौतिकशास्त्रात नसून अर्थशास्त्रात आहे. भिंतीचा खर्च बांधकाम करणारा करतो. विजेचे देयक राहणारा भरतो. घर भाड्याचे असेल तर सुधारणेचा खर्च मालकाचा व लाभ भाडेकरूचा. ज्याच्या हाती निर्णय त्याला लाभ नाही, आणि ज्याला लाभ त्याच्या हाती निर्णय नाही. घर घेणाऱ्यास सदनिकेचे चौरस फूट मोजता येतात, भिंतीची पारगम्यता डोळ्यांना दिसत नाही; त्यामुळे बाजारातील स्पर्धाही या दोषाचे निवारण करू शकत नाही.

अशा ठिकाणी नियमनाचे प्रयोजन असते. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००७ साली व्यापारी इमारतींसाठी संहिता सिद्ध केली व २०१७ साली ती सुधारली. निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली. तिच्यात छपराची पारगम्यता १.२ वॉटहून अधिक नसावी, आणि थंड विभाग वगळता इतरत्र भिंती व खिडक्या यांतून मिळून आत येणारी सरासरी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटच्या आत असावी, असे दंडक घातले आहेत. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळही हवामानानुसार ठरविले आहे. उष्ण-दमट विभागात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश, तर उष्ण-कोरड्या विभागात किमान एक-दशांश असावे लागते. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही अधिनियमाच्या कक्षेत आणले. परंतु संहिता प्रत्यक्षात लागू होण्यासाठी राज्याने ती स्वीकारावी लागते, स्थानिक संस्थेच्या बांधकाम नियमांत तिचा अंतर्भाव व्हावा लागतो, आणि नकाशा तपासणाऱ्या अधिकाऱ्यास तिचे गणित अवगत असावे लागते. या साखळीतील शेवटची कडी सर्वांत दुर्बळ राहते, आणि तिच्यावरच सर्व भार पडतो.

एक शेवटचा आक्षेप विचारात घेणे उचित होईल. कार्यक्षमता वाढली की वापर वाढतो व बचत नाहीशी होते, असे विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स याने १८६५ साली कोळशाच्या संदर्भात दाखविले होते. स्वस्तात चालणारे यंत्र लोक अधिक तास चालवितात, हे खरे आहे. परंतु ज्या घरात आजवर उष्म्याने झोप मिळत नव्हती, तेथे पंखा दोन तास अधिक चालला तर त्याला अपव्यय म्हणता येणार नाही. ते जीवनमानातील न्याय्य वाढीचे लक्षण आहे. शिवाय हा परिणाम साधनांना जितका लागू पडतो तितका भिंतीला लागू पडत नाही; रोधक छप्पर कोणी अधिक तास ‘वापरीत’ नाही.

६. अभ्यासाची दिशा

या विषयात संशोधनास पुष्कळ वाव आहे, आणि त्यासाठी फार खर्चाच्या उपकरणांची आवश्यकता नाही. छपराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांचे तापमान वर्षभर नोंदवून पारगम्यतेची संहितेतील मूल्ये व प्रत्यक्ष वर्तन यांची तुलना करता येईल. लेप दिलेल्या छपराची परावर्तकता कोकणच्या पावसात व विदर्भाच्या धुळीत वर्षागणिक किती घटते, हे मोजणे उपयुक्त ठरेल. पुनर्वसनाच्या इमारतींतील निरनिराळ्या मजल्यांवरचे रात्रीचे तापमान, रहिवाशांची झोप व त्यांचे वीज देयक यांचा परस्परसंबंध अभियांत्रिकी, वैद्यक व समाजशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी मिळून तपासण्यासारखा आहे. आपल्या विद्यापीठांच्या स्वतःच्या इमारती, त्यांची छपरे व त्यांची मासिक देयके ही तर हाताशी असलेली प्रयोगशाळाच होय.

अशा मोजमापांतून जे निष्कर्ष निघतील ते नकाशे मंजूर होण्यापूर्वी नगररचनाकारांच्या हाती पडले पाहिजेत. सौर पट पुढील वर्षी बसविता येतील, यंत्र पुढील दशकात बदलता येईल. परंतु आज ज्या भिंतीत काँक्रीट ओतले जात आहे, तिच्या आड दोन पिढ्यांना राहावयाचे आहे.